कृष्णाकाठची नाव आणि हवेची बोट

आज आपण ज्या वस्तूबद्दल बोलणार आहोत ती घडी घातली की गोणीत मावते आणि फुगवली की दहा माणसं वाहून नेते. रबरी बोट. इतिहासाच्या व्याख्यानात ही कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत जे राहत होते, त्यांना ते वाटणार नाही. मारुती चौकात, हरभट रोडवर, टिळक चौकात ही बोट दुकानांच्या पाट्यांच्या उंचीवरून चालली होती. आपल्यापैकी अनेकांनी तिच्यात पहिल्यांदा पाय ठेवला तो त्या आठवड्यात.

आमचा आजचा मुद्दा एकच आहे. बोट विकत घेता येते, पण बोट राखणारा माणूस विकत घेता येत नाही. तो रोजच्या वापरातून तयार होतो. कृष्णाकाठी असा माणूस शेकडो वर्षं होता. तो कसा होता, कसा गेला, आणि आता हवेच्या बोटीला तो पुन्हा का लागतो, एवढं आज बघू.

सुरुवात जुन्यापासून करू. हवा भरून पाण्यावर तरंगायचं, ही कल्पना कारखान्यांच्या काळातली नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदहून आणलेली दगडी शिल्पं आहेत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली. असीरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या राजवाड्यातली. त्यात माणसं फुगवलेल्या कातडी पिशव्या छातीखाली घेऊन नदी पोहून जाताना दिसतात. आपल्या देशात पंजाबच्या नद्यांवर म्हशीचं अख्खं कातडं फुगवून त्यावर पालथं पडून पलीकडे जायची रीत होती. गंमत बघा, आपल्याकडे पखाल होती, पखाली होते, पण आपण पखालीत पाणी भरलं आणि त्यांनी हवा भरली.

मग आपण तरंगायला काय वापरलं? भोपळा. सुका, पोकळ, दुधी भोपळा. आजही कृष्णाकाठची जुनी माणसं सांगतील, पोहायला शिकलो ते पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून. आतमध्ये हवा आहे, एवढंच त्यातलं शास्त्र. असे भोपळे किंवा ओंडके एकमेकांना बांधले की झाली सांगड. आपण ‘दोन गोष्टींची सांगड घालणं’ म्हणतो ना, तो शब्दच मुळात नदीवरचा आहे. भाषेत नदी किती खोल गेली आहे, ते यावरून कळतं.

याशिवाय लाकडी नाव होती आणि बांबूच्या टोपलीला कातडं मढवलेली गोल नाव होती. या टोपलीच्या नावेला राजकीय इतिहासही आहे. १८०० साली धोंडिया वाघाच्या पाठलागावर असताना आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवरच्या नद्या अशाच नावांतून ओलांडल्या. १८०३ च्या एप्रिलमध्ये तो मिरजेवरून पुण्याकडे गेला. त्याचा पत्रव्यवहार वाचला तर एक गोष्ट वारंवार दिसते, ती म्हणजे पावसाळ्याआधी नदीच्या ठिकाणी नावा तयार ठेवण्याची घाई. त्याचा हिशोब साधा होता. नद्या भरल्या की घोडदळ अडतं. ज्याच्याकडे नावा तयार आहेत, त्याला तोच पूर फायद्याचा. पूर आल्यावर नावा बांधायला बसायचं नाही, हे त्या सेनापतीला कळलं होतं.

पण लष्कर येतं आणि जातं. रोजची नाव चालवत होते ते आपल्याकडचे नावाडी, कृष्णाकाठची आंबी मंडळी, कोळी मंडळी. बाजाराचा दिवस, लग्नाचं वऱ्हाड, गुरं, धान्य, बाळंतीण, सगळं त्यांच्या नावेतून जायचं. नावाड्याला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. तो रोज पाण्यात होता. कुठल्या घाटाखाली भोवरा आहे, पाणी गढूळ झालं म्हणजे वर किती पाऊस झाला, किती माणसं चढली की ‘आता बास’ म्हणायचं, हे त्याला ठाऊक होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, गावाने त्याचं ‘बास’ ऐकायचं, असा रिवाज होता. पाटील असला तरी नावेत नावाड्याचं चालायचं.

मग १९२९ साल आलं. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या काळात सांगली आणि सांगलवाडी जोडणारा पूल झाला. तोच आपला आयर्विन पूल. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं. पूल हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण पूल झाला की नाव थांबते. असे पूल मग कऱ्हाडपासून खाली ठिकठिकाणी झाले. एकेका पुलाबरोबर एकेका घाटावरची नाव बंद झाली. नावाड्याची पोरं मासेमारीला, वाळूला, शहरात नोकरीला गेली. होड्यांच्या शर्यतींत हे कसब थोडंफार टिकलं. पण रोजची सवय गेली ती गेलीच.

आणि बघा, त्याच आयर्विन पुलावर आज आपण पूर मोजतो. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्या पुलाने नाव थांबवली, तोच पूल आपल्याला सांगतो की आता नाव काढा.

आता वर साताऱ्याकडे चला, कारण तिथे नेमकं उलट घडलं. कोयना धरण झालं, शिवसागर भरला, आणि रस्तेच पाण्याखाली गेले. तापोळा, बामणोली, कांदाटी खोरं. तिथल्या अनेक गावांना दवाखान्याला, बाजाराला जायचं तर लाँचच लागते. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने खिरखिंडी गावातल्या मुलींची स्वतःहून दखल घेतली, कारण त्या स्वतः होडी वल्हवत धरणाचं पाणी ओलांडून शाळेला जात होत्या. ती बातमी लाजिरवाणी होती, मुलींवर ही वेळ यायला नको. पण तिची दुसरी बाजूही पाहा. त्या मुलींना वारा कुठून येतो, होडी कुठे लावायची, हे ठाऊक होतं. एकाच नदीच्या खोऱ्यात धरणाच्या वर ही विद्या सक्तीने टिकली, आणि धरणाच्या खाली, जिथे पूर येतो, तिथे ती सुखाने विसरली गेली.

आता हवेच्या बोटीकडे. रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. चार्ल्स गुडइयरने १८३९ च्या सुमारास गंधक आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करायची रीत शोधली. १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातला पीटर हॅलकेट याने एक अंगरखा केला. घातला तर कोट, फुगवला तर बोट. आर्क्टिकमध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने हॅलकेटची बोट वापरली. पुढे १९३० च्या दशकात विमानं आणि हवाई जहाजं बनवणाऱ्या फ्रान्सच्या झोडियाक कंपनीत पिएर देब्रुतेल याने इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीची बोट केली, मागे लाकडी फळी आणि त्यावर इंजिन. आज पुरात दिसते ती बोट याच घराण्यातली. १९५२ मध्ये आलें बोंबार हा डॉक्टर अशा बोटीतून एकटा अटलांटिक पार करून गेला. १९६३ पासून ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी तिला कामावर घेतलं. आपल्या नौदलात तिला ‘जेमिनी’ म्हणतात. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. त्याची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरेला असते. ती आपल्याला सगळ्यात जवळची.

जवळची म्हणजे किती? २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. मदत येईपर्यंत गावाला स्वतःच्या साधनांवर राहावं लागलं. लोकांनी काय काढलं? ट्रॅक्टरच्या ट्यूबा, प्लॅस्टिकची पिंपं, गुऱ्हाळावरच्या काहिली. गूळ करायच्या काहिलीत म्हातारी माणसं बसवून पोरांनी ढकलत नेली. टोपलीच्या नावेचीच ती लोखंडी बहीण म्हणायची.

आणि ८ ऑगस्ट २०१९ चा दिवस. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ, कृष्णा-येरळेच्या संगमाजवळचं गाव. गावकऱ्यांना घेऊन निघालेली गावातलीच एक बोट उलटली. तीसच्या आसपास माणसं होती, बोटीला झेपतील त्याहून जास्त. बायका होत्या, लहान मुलं होती. एक डझनाहून जास्त जीव गेले. यावर बोलताना आम्ही कुणाला दोष देणार नाही. पाणी उंबऱ्याला लागलेलं असताना शेवटच्या बोटीत चढू नका, असं आईला कोण सांगणार? तेच तर नावाड्याचं काम होतं. ‘बास’ म्हणण्याचा मान आपण नव्वद वर्षांपूर्वी कुणाकडून तरी काढून घेतला आणि दुसऱ्या कुणाला दिलाच नाही.

त्यानंतर पूरपट्ट्यात बोटी घेण्यावर आणि पावसाळ्याआधी सराव करण्यावर भर आला, हे चांगलंच झालं. पण रबरी बोट लाकडी नावेपेक्षा नाजूक आहे. लाकडी नाव घाटावर पडली तर दिसते, रबरी बोट गोदामात पडली तर दिसत नाही. तिचे शत्रूही तिथेच असतात. उंदीर घडीत घर करतात. ओली घडी घातली तर बुरशी धरते, सांध्यांचा गोंद सुटतो. ऊन लागत राहिलं तर कापड कडक होतं. सरावानंतर गोड्या पाण्याने धुवायची, गाळ काढायचा, सावलीत पूर्ण वाळवायची, मग सैल घडी घालून जमिनीपासून वर ठेवायची.

वर्षातून दोनदा तरी फुगवून चोवीस तास तशीच ठेवायची. हवा उतरली तर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा येईल तिथे भोक. पंक्चरवाला हेच करतो. फरक एवढाच की सायकलीचं ठिगळ इथे चालत नाही. बोट पीव्हीसीची असेल तर पीव्हीसीचा गोंद, हायपॅलॉनची असेल तर हायपॅलॉनचा. दोन्ही वेगळे.

हवेचाही एक हिशोब आहे. मे महिन्यात चाळीस अंशांत बोट टणक भरली आणि पंचवीस अंशांच्या पाण्यात सोडली, तर आतला दाब जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरतो. लोकांना वाटतं बोट गळते. ती गळत नसते, गार झालेली असते. पाण्यात उतरल्यावर पुन्हा दाब बघून थोडी हवा भरायची. याउलट भरलेली बोट भर उन्हात काठावर सोडली तर हवा फुगून सांधे ताणतात, तेव्हा थोडी सोडायची. बोटीत हवेचे कप्पे वेगवेगळे असतात ते यासाठी, की एक फुटला तरी बाकीचे तारतील. पण हा हिशोब ठरवलेल्या माणसांपुरता आहे. दहाच्या बोटीत वीस बसवली तर तोही बुडतो.

आपला पूर हा समुद्र नव्हे. पाण्याखाली काय काय असतं? तारेचं कुंपण, गेटचे भाले, बाभळीचे काटे, उसाचे खोडवे. डोक्यावर विजेच्या तारा, नेहमीपेक्षा पंधरा फूट जवळ. उसाचं पाचट आणि साड्या पंख्यात अडकतात, इंजिन बंद पडतं आणि बोट आडवी होते. म्हणून इंजिन असलं तरी वल्ही हवीतच. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली हवी. तो पडला तर इंजिन थांबलं पाहिजे, नाहीतर तोच पंखा त्याच्यावर फिरतो. लाइफ जॅकेट बसायच्या आधी घालायचं, बोटीत नव्हे. आणि पेट्रोल मागच्या वर्षीचं नको. अनेक इंजिनं पुरात बिघडत नाहीत, ती गोदामातच बिघडलेली असतात.

तर मंडळी, यातून काय करायचं? आमच्या मते गावाकडे बोट आहे का, हा अर्धाच प्रश्न झाला. बोटीला माणूस आहे का, हे विचारा. मासेमारी करणारे, शर्यतीत उतरणारे, ज्यांचा हात पाण्यात आहे, अशा दोघा-तिघांच्या नावावर ती करा. त्यांना मानधन द्या. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातसुद्धा, ती नदीत उतरवू द्या. मुलांना बसवा, फिरवा, डागडुजीची वही ठेवा. वापर झाला तर ती झिजेल, हे खरं. पण न वापरता कुजलेली बोट कागदावर नवी असते आणि पाण्यात निकामी.

आणि त्या माणसाच्या ‘बास’ला ग्रामसभेत, पूर नसताना, सगळ्यांसमोर मान्यता द्या. पाणी चढल्यावर तो मान मागून मिळत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला पाठ आहे. पूर आल्यावर बोट फुगवू नये, हे त्याच्याच शेजारी लिहून ठेवू.

इथे थांबतो. तुमच्या गावात बोट असेल तर या रविवारी ती एकदा उघडून बघा, आणि शेवटची कधी उघडली होती ते विचारा. आता प्रश्न घेऊ.