पेरेस्त्रोइका का फसली? सोव्हिएत सुधारणांविषयीचे पाच प्रश्न

१.
जुलै १९८९. पश्चिम सायबेरियातील कुझबास हा सोव्हिएत संघाचा मोठा कोळसापट्टा. तेथील मेझ्दुरेचेन्स्क शहरातील खाणकामगारांनी १० जुलैला काम थांबवले आणि पाहता पाहता शहराचा चौक भरून गेला. मागण्यांच्या यादीत वेतन होते, अन्नधान्य होते आणि आणखी एक वस्तू होती : साबण. पाळी संपल्यावर अंगावरची काजळी धुण्यापुरता साबण. काही दिवसांतच संप दोनबास, वोर्कुता आणि कारागांदापर्यंत पसरला. लाखो कामगार त्यात उतरले.

२.
१९५७ साली जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडणाऱ्या देशात १९८९ साली साबण मिळेनासा झाला होता. विशेष म्हणजे तोवर सुधारणा सुरू होऊन चार वर्षे उलटली होती. शालेय पुस्तकांत या काळाचे उत्तर दोन शब्दांत मिळते : पेरेस्त्रोइका म्हणजे पुनर्रचना आणि ग्लासनोस्त म्हणजे खुलेपणा. हे अर्थ बरोबर आहेत. पण सुधारणांच्या काळातच टंचाई का वाढली, हे त्यातून उलगडत नाही. त्यासाठी पाच प्रश्न क्रमाने सोडवावे लागतात.

प्रश्न पहिला : सुधारणा मुळात का कराव्या लागल्या?

३.
सोव्हिएत अर्थव्यवस्था आदेशावर चालत असे. काय आणि किती बनवायचे हे गोसप्लान ठरवी. कच्चा माल कोणाला किती द्यायचा हे गोसस्नाब पाही. किंमती ठरवण्यासाठी वेगळी राज्य समिती होती. उद्दिष्ट टनांत दिले की कारखाना वजनदार माल काढी. नगांत दिले की लहान नग काढी. ग्राहकाला काय हवे हे कारखान्यापर्यंत पोहोचवणारी वाटच नव्हती. किंमत ही केवळ वस्तूवर लावलेली चिठ्ठी होती. तिच्यावरून टंचाई कळत नसे आणि मुबलकताही कळत नसे.

४.
पोलाद, वीज आणि शस्त्रे यांसाठी ही पद्धत काही काळ उपयोगी पडली. १९७० च्या दशकात मात्र वाढीचा वेग मंदावला. तेलाच्या चढ्या दरांनी ही घसरण झाकली. तेल विकून परदेशातून धान्य आणता येत होते. १९८६ मध्ये जागतिक बाजारात तेलाचे भाव कोसळले आणि हा आधार खचला. त्यातच अफगाणिस्तानातील युद्धाचा खर्च चालूच होता. नोव्हेंबर १९८२ ते मार्च १९८५ या काळात ब्रेझनेव्ह, आन्द्रोपोव्ह आणि चेर्नेन्को हे तीन सर्वोच्च नेते एकामागून एक निवर्तले. ११ मार्च १९८५ रोजी ५४ वर्षांचे मिखाईल गोर्बाचेव्ह पक्षाचे सरचिटणीस झाले.

५.
सुधारणेचा प्रयत्न आधीही झाला होता. १९६५ साली पंतप्रधान अलेक्सेई कोसिगिन यांनी कारखान्यांची कामगिरी विक्री आणि नफ्यावर मोजण्याचे ठरवले. पण त्याच वर्षी केंद्रीय उद्योग मंत्रालयेही पुन्हा उभी राहिली आणि त्यांनी कारखान्यांवरील पकड सैल होऊ दिली नाही. १९६८ साली प्रागमध्ये रणगाडे गेल्यानंतर ‘सुधारणा’ हा शब्दच संशयास्पद ठरला. यातून पुढच्या पिढीतील सुधारकांनी एक धडा घेतला : नोकरशाहीला हात न लावता केलेली आर्थिक सुधारणा नोकरशाहीच गिळून टाकते.

प्रश्न दुसरा : पहिल्या दोन वर्षांत काय घडले?

६.
प्रारंभीची घोषणा पेरेस्त्रोइकाची नव्हती. ती ‘उस्कोरेनिये’ म्हणजे गतिवर्धनाची होती. व्यवस्था तीच ठेवून यंत्रसामग्री आणि शिस्त वाढवायची, असा तो विचार होता. मे १९८५ मध्ये दारूविरोधी मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता, परंतु दारूवरील कर हा सरकारी तिजोरीचा मोठा स्रोत होता आणि तोच आटला. द्राक्षबागा उखडल्या गेल्या. लोक घरीच दारू गाळू लागले आणि त्यापायी दुकानांतील साखर संपू लागली. सरकारचे उत्पन्न घटले आणि टंचाईच्या यादीत एका वस्तूची भर पडली.

७.
२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. पहिले त्रोटक सरकारी निवेदन २८ एप्रिलच्या संध्याकाळी आले. १ मे रोजी कीव्हमध्ये नेहमीप्रमाणे मिरवणूक निघाली. गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर बोलले ते १४ मे रोजी. माहिती दडपण्याची सवय जिवावर बेतू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. ग्लासनोस्तला खरा वेग यानंतर आला. डिसेंबर १९८६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आन्द्रेई साखारोव्ह यांची गोर्की शहरातील जवळजवळ सात वर्षांची नजरकैद संपली.

प्रश्न तिसरा : खरी आर्थिक सुधारणा कोणती, आणि ती कोठे अडली?

८.
जून १९८७ मध्ये राज्य उद्योगांविषयीचा कायदा झाला. तो १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. कारखान्यांनी आपला खर्च आपणच भागवावा, उत्पादनाची योजना आपणच आखावी, हाती उरलेल्या पैशातून वेतन आणि बक्षिसे द्यावीत, असे त्यात होते. संचालक निवडण्याचा अधिकारही कामगारांना मिळाला. सरकारसाठी काढायच्या मालाचा वाटा ‘राज्य मागणी’ या नावाने कायम राहिला.

९.
या कायद्याने वेतन मोकळे केले, किंमती मात्र मोकळ्या केल्या नाहीत. कच्च्या मालाचे वाटपही बहुतांशी जुन्याच यंत्रणेकडे राहिले. नफा दाखवायचा आणि भाव मात्र सरकारने बांधलेला, अशा स्थितीत कारखान्यापुढे सोपा मार्ग एकच होता : स्वस्त, कमी नफ्याच्या वस्तू कमी करायच्या आणि महागड्या वाढवायच्या. सामान्य माणसाला रोज लागणाऱ्या वस्तू नेमक्या पहिल्या प्रकारात मोडत होत्या.

१०.
दुसरीकडे लोकांच्या हातात पैसा वाढला. निवडून आलेल्या संचालकाला कामगारांना नाराज करणे परवडत नव्हते. अर्थसंकल्पातील तूट भरण्यासाठी नोटाही छापल्या जात होत्या. बाजारात भाव मोकळे असते तर महागाई दिसली असती. पण जिथे भाव वाढू शकत नाहीत तिथे रांगा वाढतात. पैसा खिशात आणि दुकान रिकामे, अशी ही विचित्र महागाई होती. जे हाती लागेल ते लोक साठवू लागले आणि त्यामुळे टंचाई आणखी वाढली.

११.
मे १९८८ च्या सहकारी संस्थांच्या कायद्याने खासगी उपाहारगृहे, शिवणकामाची दुकाने आणि छोटे उद्योग यांना वाट मिळाली. या संस्थांना आपले भाव स्वतः ठरवता येत. पण सरकारी भावात माल मिळवायचा आणि मोकळ्या भावात विकायचा, हा सर्वांत किफायतशीर धंदा ठरला. नागरिकाला दिसले ते एवढेच की सरकारी दुकानातून नाहीशी झालेली वस्तू शेजारी तिप्पट किमतीला मिळते. बाजारपेठेविषयीचा राग येथूनच रुजला.

प्रश्न चौथा : मग किंमतीच का मोकळ्या केल्या नाहीत?

१२.
त्यामागे एक रक्तरंजित आठवण होती. १ जून १९६२ रोजी ख्रुश्चेव्ह यांच्या सरकारने मांसाचे भाव सुमारे ३० टक्क्यांनी आणि लोण्याचे सुमारे २५ टक्क्यांनी वाढवले. दक्षिण रशियातील नोव्होचेर्कास्क येथील रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातील कामगार संपावर गेले. दुसऱ्या दिवशी मोर्चावर गोळीबार झाला. २६ जण मारले गेले आणि पुढे सात जणांना मृत्युदंड देण्यात आला. ही घटना सुमारे पाव शतक जनतेपासून लपवून ठेवली गेली. राज्यकर्ते मात्र ती विसरले नाहीत.

१३.
त्यानंतर सरकारी दुकानांतील मांस आणि लोण्याचे मूळ भाव जवळजवळ २९ वर्षे बदलले नाहीत. उत्पादनाचा खर्च वाढत गेला आणि फरक तिजोरी भरत राहिली. जनता आणि सत्ता यांच्यातला हा अलिखित करारच होता : भाव स्थिर राहतील, जनतेने गप्प राहावे. ग्लासनोस्तने कराराचा दुसरा भाग रद्द केला. पहिल्या भागाला हात लावण्याचे धैर्य कोणाला होईना. किंमतींची सुधारणा कागदावर आखली गेली आणि पुढे ढकलली गेली.

१४.
२४ मे १९९० रोजी पंतप्रधान निकोलाय रिझकोव्ह यांनी भाववाढीची योजना जाहीर केली. पावाचा भाव १ जुलैपासून तिप्पट होणार होता. पुढच्याच दिवसांत लोकांनी दुकाने रिकामी केली. मॉस्कोत रहिवासाचा पुरावा दाखवणाऱ्यांनाच माल विकण्याचा नियम करावा लागला. लोकप्रतिनिधींनी योजना फेटाळली. भाव वाढले नाहीत आणि मालही उरला नाही.

प्रश्न पाचवा : राजकीय सुधारणेने अर्थकारण सावरले की बिघडवले?

१५.
गोर्बाचेव्ह यांचा तर्क १९६५ च्या अनुभवातून आला होता. पक्षयंत्रणा सुधारणा अडवते, तर तिच्यावर खालून जनतेचा दाब आणावा. जून १९८८ च्या १९ व्या पक्ष परिषदेत नव्या लोकप्रतिनिधी सभेचा मार्ग मोकळा झाला. २६ मार्च १९८९ रोजी निवडणूक झाली. एकूण २,२५० जागांपैकी ७५० पक्ष आणि इतर संघटनांसाठी राखीव होत्या. तरीही लेनिनग्राद प्रांताचे पक्षप्रमुख युरी सोलोव्हियोव्ह एकटेच उमेदवार असूनही हरले, कारण निम्म्याहून अधिक मतदारांनी त्यांचे नाव खोडले. मॉस्कोत बोरिस येल्तसिन सुमारे ८९ टक्के मतांनी विजयी झाले.

१६.
या बदलाचे मोल खाणकामगारांच्या संपात दिसते. १९६२ मध्ये संपकऱ्यांना गोळ्या मिळाल्या होत्या. १९८९ मध्ये सत्ताधारी पोलितब्युरोचे सदस्य निकोलाय स्ल्युनकोव्ह कुझबासला जाऊन कामगारांशी वाटाघाटीला बसले. मागण्या मान्य झाल्या. त्या पूर्ण करायला माल मात्र नव्हता. मार्च १९९१ मध्ये खाणकामगार पुन्हा संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत गोर्बाचेव्ह यांचा राजीनामाही होता.

१७.
पक्ष अडथळा होता हे खरे, पण आदेशाची अर्थव्यवस्था बांधून ठेवणारा दोरही तोच होता. एका कारखान्याचे सुटे भाग अडले, रेल्वेचे डबे मिळाले नाहीत, की स्थानिक पक्षसचिव दूरध्वनीवरून ते मिळवून देई. १९८८ च्या शरद ऋतूत पक्षातील उद्योगविषयक विभाग बंद झाले. मार्च १९९० मध्ये राज्यघटनेतील सहावे कलम बदलून पक्षाची मक्तेदारी संपवण्यात आली. आदेश देणारा गेला आणि त्याची जागा घेणारा बाजार आला नाही. प्रांत आणि प्रजासत्ताके आपापला माल अडवून धरू लागली. १२ जून १९९० रोजी तर खुद्द रशियाने आपले सार्वभौमत्व जाहीर केले.

१८.
१९९० च्या उन्हाळ्यात शातालिन, याव्लिन्स्की आदी अर्थतज्ज्ञांनी बाजारव्यवस्थेकडे नेणारा ‘५०० दिवसांचा’ कार्यक्रम आखला. गोर्बाचेव्ह यांनी आधी रस दाखवला आणि शरद ऋतूत माघार घेतली. जानेवारी १९९१ मध्ये नवे पंतप्रधान व्हालेन्तिन पावलोव्ह यांच्या सरकारने ५० आणि १०० रुबलच्या जुन्या नोटा तीन दिवसांच्या मुदतीत बाद केल्या. २ एप्रिलला भाव वाढवले. तोवर सरकारवरचा विश्वास संपला होता.

१९.
ऑगस्ट १९९१ चा उठाव तीन दिवसांत कोसळला आणि २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह पायउतार झाले. २ जानेवारी १९९२ रोजी येल्तसिन यांच्या सरकारने बहुतेक किंमती मोकळ्या केल्या. तीस वर्षे टाळलेला निर्णय अखेर घेतला गेला, पण तो ज्या देशात घ्यायचा होता तो देश आता उरला नव्हता. त्या वर्षी रशियातील महागाई अडीच हजार टक्क्यांच्या आसपास गेली. आयुष्यभर बचत केलेल्यांचे पैसे मातीमोल झाले.

२०.
येथे चीनचे उदाहरण हमखास दिले जाते. चीनने आधी शेती मोकळी केली, बांधलेले आणि मोकळे असे दोन्ही भाव शेजारी ठेवले आणि पक्षाची सत्ता सोडली नाही. पण चीनमध्ये बहुसंख्य लोक शेतकरी होते. सोव्हिएत संघात बहुसंख्य लोक शहरांत, सरकारी वेतनावर जगत होते. शिवाय त्या मार्गाचीही किंमत होती. मे १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह बीजिंगला गेले, तेव्हा तियानआनमेन चौक विद्यार्थ्यांनी भरलेला होता. ४ जूनला तेथे काय घडले, ते जगाने पाहिले.

२१.
तेव्हा ‘पेरेस्त्रोइका का फसली’ या प्रश्नाचे उत्तर असे लिहिता येईल : सोव्हिएत सुधारकांनी आदेश सैल केला, वेतन मोकळे केले, जनतेला बोलू दिले, किंमती मात्र बांधूनच ठेवल्या. भाव वाढवण्यासाठी एक तर बंदूक लागते किंवा जनतेचा विश्वास. बंदूक चालवायची गोर्बाचेव्ह यांची सहसा तयारी नव्हती. तिबिलिसी आणि व्हिल्नियस येथील रक्तपात हे त्याला असलेले डाग. आणि विश्वास कमावण्याची संधी होती ती पहिल्या तीन वर्षांत, दुकाने रिकामी होण्याआधी. ती गतिवर्धनाच्या घोषणांत गेली.

(समाप्त)