चांदीचे अंगुस्तान आणि इथरनेटची परतवाट

१/ ५ ऑगस्ट १८५८. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली अटलांटिक तार पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. काही आठवड्यांतच ही तार कायमची मुकी झाली.

२/ संकेत क्षीण येत होते, म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. मुळातच सदोष असलेले तारेचे आवरण त्यापुढे टिकले नाही. मग चौकशी समिती बसली. योग्य दक्षता घेतली असती तर अशी अपयशे टळली असती, हा तिच्या १८६१च्या अहवालाचा निष्कर्ष. समितीचे एक सदस्य होते अभियंते लॅटिमर क्लार्क.

३/ १८६६मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने नवी तार टाकली आणि १८६५ साली तुटलेली तारही समुद्रतळातून उचलून पूर्ण केली. आता दोन तारा हाती होत्या. क्लार्क यांनी न्यूफाउंडलंडकडील त्यांची टोके एकमेकांस जोडावयास सांगितले. सुमारे ३,७०० मैलांचे एकच वेटोळे तयार झाले.

४/ आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया येथे त्यांनी शिवणकामाच्या चांदीच्या अंगुस्तानात थोडे आम्ल ओतले, त्यात जस्ताचा तुकडा ठेवला. एवढ्याशा बॅटरीचा संकेत महासागर ओलांडून त्याच किनाऱ्यावर परतला! जिथे २,००० व्होल्ट हरले, तिथे अंगुस्तान पुरले.

५/ मित्रहो, पाठवलेले स्वतःकडेच परत आणून मार्ग पारखण्याची हीच युक्ती पुढे 'लूपबॅक' या नावाने रूढ झाली. १९७३ साली बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून आकारास आलेले इथरनेट कार्यालयाच्या भिंती ओलांडून शहराशहरांत पोहोचले, तेव्हा प्रत्येक टोकाला परीक्षक धाडणे परवडेना.

६/ उत्तर पोर्टच्या आतच सापडले. ग्राहकाकडे निघालेली चाचणीची फ्रेम दूरच्या उपकरणात, पोर्टबाहेर पडण्यापूर्वीच, माघारी वळवायची. गती, विलंब, गळती हे सारे एका टोकाला बसून मोजता येते. दूरच्या टोकाकडून फ्रेम परत पाठवण्याची सोय २००४च्या ८०२.३एएच या मानकातही आली.

७/ मात्र फ्रेमवर प्रेषक आणि प्राप्तकर्ता असे दोन्ही पत्ते असतात. ती जशीच्या तशी परतली, तर वाटेतील स्विचांना प्रेषक भलत्याच दिशेला असल्याचे भासते. म्हणून सेवेच्या चाचणीत परतवताना पत्त्यांची अदलाबदल करतात.

८/ या परीक्षेलाही मर्यादा आहेत. फ्रेम आतूनच वळल्याने पोर्टचे तोंड आणि त्यापुढील केबल अपरीक्षित राहते. फ्रेम हरवलीच, तर जाताना की येताना, हेही कळत नाही. क्लार्क यांचा संकेत परतला नसता, तर दोनपैकी दोषी तार कोणती, हे त्यांनाही त्या एका प्रयोगातून कळले नसते.

९/ परतलेला संकेत फक्त चाललेल्या वाटेचीच साक्ष देतो. वळण नेमके कुठे घेतले, हे ठाऊक असेल तरच त्या साक्षीला अर्थ.