शेवटचा शब्द कुणाचा?

ब्राउझरला आपल्यातली काही मंडळी 'न्याहाळक' म्हणतात. मला हा शब्द आवडतो. पण न्याहाळणारा कोण, तो प्रोग्रॅम की आपण? पडद्यावरचं पान कसं दिसावं हे कुणी ठरवायचं, या भांडणाला तीस वर्षांहून जास्त काळ झाला. त्याचा थोडा इतिहास आज सांगतो. घरातल्या संगणकवाल्यांना यातलं बरंच ठाऊक असेल, त्यांनी खुशाल पुढे जावं.

छापील पुस्तकात अक्षर केवढं हे प्रकाशक ठरवतो. वाचकाच्या हातात फक्त चष्मा. वेबच्या आरंभी मात्र उलट होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा पान एवढंच सांगायचं की हे शीर्षक, हा परिच्छेद. शीर्षक केवढं आणि कुठल्या फाँटमध्ये, हे वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठरे. लेखक मंडळींना हे रुचेना, आणि ते साहजिक आहे. आपलं पान आपल्याला हवं तसं दिसावं असं कुणाला वाटणार नाही?

त्यावर सर्नमध्येच काम करणाऱ्या होकॉन व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक मसुदा मांडला. त्यातूनच पुढे आजचं सीएसएस आलं. मसुद्यातली कल्पना मला फार गोड वाटते. लेखकाने आपली इच्छा सांगायची, वाचकाने आपली, आणि दोघांनी किती आग्रह आहे तेही टक्क्यांत लिहायचं! मतभेद झाला तर वाचकाचं चालावं, असा कल होता. तीनच दिवसांनी नेटस्केपचा ब्राउझर जाहीर झाला आणि रंग, आकार, मांडणी यांची सूत्रं लेखकाकडे गेली.

१९९६ च्या डिसेंबरात सीएसएसचा पहिला नियमग्रंथ आला, त्यात टक्के गेले होते. त्यांच्या जागी 'महत्त्वाचे' अशी खूण आली. लेखक आणि वाचक दोघांनीही ती खूण केली तर? पहिल्या नियमग्रंथात लेखक जिंकत असे. मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम फिरवला आणि वाचक जिंकू लागला. कारण दिलं होतं ते अधू नजरेच्या आणि तत्सम अडचणी असलेल्या वाचकांचं. एवढ्या मोठ्या ग्रंथातला एवढासा बदल, पण माझ्या वयाच्या माणसाला त्याची किंमत कळते.

आपल्याकडे मात्र हा हक्क पोचायला वेळ लागला. २००० च्या आसपासची मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आठवा. प्रत्येकाचा फाँट वेगळा. आत साठवलेली अक्षरं रोमन संकेतांची आणि वर चेहरा देवनागरीचा. ब्राउझरला 'पानाचा फाँट नको, माझा वापर' असं सांगितलं की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसे. म्हणजे मराठी वाचकाला फाँट निवडण्याची सोयच नव्हती. युनिकोड रुळलं, 'क' चा संकेत कुठेही 'क' चाच झाला, तेव्हा ती मिळाली.

आता आतल्या खोलीकडे येऊ. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', मग दोन टिंबं आणि 'कॉन्फिग' असं रोमनमध्ये लिहिलं की शेकडो कळी उघडतात. (ती दोन टिंबं म्हणजे अपूर्णविराम. विसर्ग दिलात तर काही उघडणार नाही. मास्तरकी सुटत नाही!) २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिथे वॉरंटी जाईल अशी गमतीची ताकीद असे, आणि 'काळजी घेईन, वचन देतो' अशा अर्थाचं बटण दाबल्यावरच दार उघडे. फुकट मिळालेल्या वस्तूला कसली वॉरंटी!

पुढे बाहेरच्या खोलीतल्या कळी कमी होत गेल्या. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, तेविसाव्या आवृत्तीत, जावास्क्रिप्ट बंद करायचा चौकोन काढला. मोझिलाच्या अ‍ॅलेक्स लिमी यांनी त्याआधी लिहिलं होतं की अशा चौकोनांमुळे सामान्य माणसाचा ब्राउझर निकामी होतो. त्यांचं म्हणणं पटतं. कळ आत राहिली आहे तोवर माझी तक्रार नाही.

माझं काम अक्षराच्या आकाराशी. देवनागरी बारीक झाली की पहिला बळी अनुस्वाराचा, मग रफाराचा. 'मंद' आणि 'मद' यांत फरक उरत नाही. त्यावर उपाय फाँटच्या सेटिंगमध्ये देवनागरी निवडून किमान आकार ठरवण्याचा. आतल्या खोलीत 'एक्स-देवनागरी' शोधलंत तर तीच कळ सापडते. आता गंमत पाहा. काही मराठी पानांवर हे लागू होतं, काहींवर मुळीच नाही. कंट्रोल आणि यू दाबून पानाची मूळ संहिता उघडावी. पहिल्या दोन-चार ओळींत भाषेच्या जागी बहुधा इंग्रजी लिहिलेलं सापडतं, कारण साचा परदेशी. ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो आणि लॅटिनचे नियम लावतो. म्हणून किमान आकार लॅटिनलाही ठरवून द्यावा लागतो. बदललेली कळ ठळक अक्षरांत दिसते आणि शेजारच्या बटणाने पूर्ववत होते, तेव्हा भिण्याचं कारण नाही. एका वेळी एकच बदलावी, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं.

ओळींमधलं अंतर हवं असेल तर वाचकाची स्वतःची सीएसएस फाईल लागते. इंग्रजी मापाच्या ओळीत आपले उकार कापले जातात, म्हणून मी ते अंतर १.८ ठेवलं आहे, पुढे 'महत्त्वाचे' ची खूण करून. फाईलचं नाव 'यूजरकंटेंट' आणि ती ठेवायच्या फोल्डरचं नाव 'क्रोम', गूगलच्या क्रोमशी त्याचा काही संबंध नाही. २०१९ च्या एकोणसत्तराव्या आवृत्तीपासून ही फाईल मुळात वाचलीच जात नाही. दर वेळी ती शोधण्यात सुरू होण्याचा वेळ जातो, असं कारण दिलं. ती वाचावी म्हणून आतल्या खोलीत एक कळ 'ट्रू' करावी लागते. तिच्या नावात 'लेगसी' हा शब्द आहे, म्हणजे जुनं, मागे उरलेलं. १९९४ मध्ये वाचकाला टक्क्यांनी मोजून दिलेला अधिकार आता या नावाने नोंदलेला आहे. माझ्या संगणकावर ती कळ 'ट्रू' आहे.