आरशाचा फोटो

प्रूफ नाण्याचा फोटो काढायला बसलो, की मला नाण्यात आधी माझा कॅमेराच दिसतो! ठसाही घासूनपुसून लख्ख केलेला आणि चकतीही. त्यामुळे सपाट भाग म्हणजे चक्क आरसा.

गंमत म्हणजे हे कोडं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. १८३९ साली जोसेफ सॅक्स्टननं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून समोरच्या शाळेचा फोटो घेतला. अमेरिकेतल्या सर्वात जुन्या फोटोंपैकी हा एक. तो डॅगेरोटाइप होता, म्हणजे चांदीचा थर दिलेला तांब्याचा चकचकीत पत्रा! त्यात समोरचं काहीतरी काळं दिसलं तरच चित्र नीट उमटतं, नाहीतर काळ्याचं पांढरं होतं. प्रूफ नाण्यालाही तोच नियम. भोक पाडलेला काळा कागद लेन्सभोवती लावा, दिवा बाजूला ठेवा. आरसा काळा होतो, खरखरीत ठेवलेला चेहरा पांढरा उठून दिसतो.

एकोणिसाव्या शतकातल्या नाणेतज्ज्ञांची पळवाट वेगळीच होती. ते नाण्याची प्लास्टरमधली प्रतिकृती करून तिचाच फोटो छापत. अक्षरं स्पष्ट, चमक गायब!

पण प्रूफची किंमत तर त्या चमकेतच असते. बारीक ओरखडे एका कोनातून दिसतात, दुसऱ्यातून लपतात. त्यामुळे एकाच देखण्या फोटोवर विसंबून नाणं घेऊ नका. मी तरी निदान दोन कोनांतले फोटो मागतोच.