भोंगा आणि बझर

माझ्या आजोबांचं सगळं आयुष्य भोंग्यावर चाललं. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत ते मशीनवर होते. फॅक्टरी १८६९ सालची, इंग्रजांच्या काळातली. पहिला भोंगा झाला की आजी डबा भरायला घ्यायची, दुसरा होईपर्यंत अण्णांची सायकल कोपऱ्यावरून वळलेली असायची. घड्याळ घरात होतं, पण ते भोंग्यावर लावलेलं. अण्णा म्हणजे आजोबा. आम्ही नातवंडंही त्यांना अण्णाच म्हणायचो. ते सांगायचे, "भोंगा वाजला की मानसानं पळायचं. का म्हनून इचारायचं न्हाई." कोरेगाव तालुक्यातलं गाव सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण बोली त्यांनी सोडली नव्हती.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत दुसराच एक आवाज आला. ते वर्ष १९८५.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्यात दिसू लागलं. आमच्याकडे टीव्ही यायला मात्र १९८४ उजाडलं. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. कौलावरच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि धाकटे काका वर चढून ओरडायचे, "आली का? आली का?" त्या वर्षी जुलैत 'हम लोग' सुरू झालं होतं आणि मालिकेच्या वेळी आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची.

अशा घरात 'क्विझ टाइम' आलं. देशभरातल्या कॉलेजांचे संघ समोरासमोर आणि प्रश्न विचारायला सिद्धार्थ बसू. सगळं इंग्रजीत. शेजारपाजारचे पहिल्याच भागाला उठून गेले. आम्ही घरचे बसून राहिलो, ते थोरल्या काकांमुळे.

थोरले काका शिष्यवृत्तीवर १९७४ साली लीड्सला शिकायला गेले होते. त्यांच्या वसतिगृहात सगळ्यांत मिळून एक टीव्ही, आणि 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' लागलं की त्याच्यापुढे एकही खुर्ची रिकामी नसायची. त्या गोष्टी काकांनी आम्हाला इतक्यांदा सांगितल्या, की लीड्स मला आमच्या रेंज हिल्सच्या पलीकडेच असल्यासारखं वाटायचं. पडद्यावर एक संघ वर, एक संघ खाली दिसायचा. "मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो, की यांनी स्टुडिओत माळा बांधलाय," काका सांगायचे. प्रत्यक्षात दोन्ही संघ शेजारी शेजारी बसलेले. दोन चित्रं एकावर एक ठेवण्याची ती करामत होती.

खेळ मुळात अमेरिकेतला. डॉन रीड नावाच्या माणसानं 'कॉलेज बोल' रचला. १९५३ मध्ये तो रेडिओवर आला, १९५९ मध्ये टीव्हीवर. इंग्लंडात ग्रॅनडा टेलिव्हिजननं तो २१ सप्टेंबर १९६२ ला सुरू केला. सूत्रधार बँबर गॅस्कॉइन तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे, आणि पुढे १९८७ पर्यंत प्रश्न त्यांनीच विचारले. काकांना गुणांची रीत तोंडपाठ होती. पहिला प्रश्न दहा गुणांचा. त्याला बझर दाबायचा आणि एकट्यानं उत्तर द्यायचं, शेजारच्याशी कुजबुजायची सोय नाही. ते बरोबर आलं, की पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न त्याच संघाला, आणि ते मात्र चौघांनी डोकी एकत्र करून सोडवायचे. प्रश्न पुरा व्हायच्या आत बझर दाबून चुकलात, तर पाच गुण वजा. काका म्हणायचे, "आधी एकट्याची हिंमत, मग चौघांचा विचार. यात सगळं शिक्षण आलं."

काका तिथे असताना, १९७५ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठाच्या संघानं एक बंड केलं. प्रश्न काहीही असो, उत्तर ठरलेलं: ट्रॉट्स्की, लेनिन, कार्ल मार्क्स, नाहीतर चे गव्हेरा. त्यांचं म्हणणं साधं होतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या एकेका कॉलेजाला स्वतंत्र संघ पाठवता येतो, आणि आमच्या अख्ख्या विद्यापीठाला एकच, हे का? काका ही गोष्ट नेहमी उभं राहून सांगायचे. गिरणगावातल्या संपाची सांगावी तशी. कोणाला किती वेळा विचारलं जातं, यावरून भांडणारी ती मुलं त्यांना फार आपली वाटली होती.

'क्विझ टाइम'चा पहिला भाग अण्णांनी भिंतीला टेकून, एक अक्षर न बोलता पाहिला. इंग्रजी त्यांना मशीनवरच्या पाट्यांपुरतं यायचं. भाग संपल्यावर ते म्हणाले, "हे तर आपलं भेदिक हाय."

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या लहानपणची जत्रा सांगितली. रात्री जेवणं उरकून माणसं देवळापुढे बसायची. एकीकडे कलगीचा फड, एकीकडे तुऱ्याचा. तुरेवाले शिवाची बाजू घेणारे, कलगीवाले शक्तीची. हातात डफ आणि तुणतुणं. एका फडानं गाण्यातून सवाल टाकायचा. तो पुराणातला, देहातला, विश्वाच्या उत्पत्तीतला. दुसऱ्यानं त्याचा जबाब गाण्यातूनच द्यायचा आणि वर आपला सवाल ठेवायचा. जबाब अडला की डफ थांबायचा. "त्या थांबन्यात जत्रा श्वास धरून बसायची," अण्णा म्हणाले. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं सकाळपर्यंत सृष्टीचे प्रश्न सोडवत बसत. अण्णांना त्यातले कित्येक सवाल पाठ होते. पन्नास वर्षं ते त्यांच्या पोटात होते, आणि आमच्यापैकी कोणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

पण त्या वर्षीची खरी गोष्ट आत्याची आहे.

आत्या भावंडांत थोरली, १९४८ ची. अकरावी मॅट्रिक झाली आणि फॅक्टरीच्या को-ऑपरेटिव्ह स्टोअरमध्ये हिशेब लिहायला लागली. तिला बघायला चार-पाच ठिकाणचे लोक येऊन गेले. आजीनं मला एकदा सांगितलं, की त्या सगळ्या बैठकांत तिला विचारलेले प्रश्न बोटांवर मोजण्यासारखे होते: नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, चालून दाखव. लग्न जमलं नाही, आणि पुढे तिनंच तो विषय बंद केला. वाचनालयातून ती केतकरांच्या ज्ञानकोशाचा एकेक खंड आणायची. तेवीस खंड. विश्वकोशाचे निघालेले खंडही तिनं चाळले होते. दुपारी स्टोअरला सुट्टी असली की भिंतीला पाठ लावून वाचत बसायची. घरात सगळ्यांना हे दिसत होतं. "वाचते" एवढंच त्याचं नाव होतं.

'क्विझ टाइम' चालू असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहायची, कारण कणीक भिजवायची वेळ तीच. एका भागात नद्यांवर प्रश्न आला. थोरले काका आम्हा मुलांना त्याचं मराठी करून सांगत होते, तेवढ्यात मागून हलकेच आवाज आला: "गोदावरी." पडद्यावरच्या मुलानं त्यानंतर बझर दाबला आणि तेच उत्तर दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या मुलासाठी. अण्णांनी मात्र मान वळवून दाराकडे पाहिलं. आत्याची बोटं कणकेत होती, आणि काहीतरी आगळीक झाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"पोरी," अण्णा म्हणाले, "मोठ्यानं बोल की."

पुढच्या आठवड्यात कणीक आधी भिजवून झाली. दारातली आत्या खोलीत येऊन बसली. तिच्यापुढे अण्णांनी स्वतः स्टीलचा पेला पालथा घातला आणि हातात चमचा दिला. तो आमचा बझर. काकांनी प्रश्नाचं मराठी करायचं, पेला वाजला की सगळ्यांनी गप्प बसायचं. इतिहास, भूगोल, पुराणं, शरीरशास्त्र यांत ती चुकत नसे. इंग्रजी सिनेमा आणि टेनिस आलं की पेला मुका. त्या दिवशी झोपताना अण्णा आजीला म्हणत होते, ते मी ऐकलं: "आपल्याला भोंगा दुसऱ्यानं वाजवायचा न् आपन पळायचं. हितं वाजवनारा आपन, न् थांबनारे बाकीचे." आणि मग बऱ्याच वेळानं, "पोरीला कवा इचारलंच न्हाई आपन."

आत्यानं शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर टीव्हीवरचे प्रश्न, मराठी करून. उजव्या पानावर उत्तरं. जी तिथल्या तिथे आली नाहीत, ती वाचनालयातून शोधून आणलेली. दुसऱ्या वर्षी अण्णा निवृत्त झाले आणि आम्ही मुळेपलीकडे दापोडीला राहायला आलो, तेव्हा तिच्या पिशवीत अशा तीन वह्या होत्या. भोंगा तिथेही ऐकू यायचा. अण्णा तेवढ्यापुरतं वर पाहायचे आणि पुन्हा चहा प्यायचे.

पुढे मी कॉलेजात गेले तेव्हा पुण्यात क्विझचं वेड चांगलंच रुजलं होतं. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबच्या नावाची क्विझ गाजत होती. कोलकात्यात तर १९६७ मध्येच नील ओब्रायन यांनी एका चर्चच्या सभागृहात खुली क्विझ घेऊन या नादाची सुरुवात करून दिली होती, हे मला तिथे कळलं. मी पहिल्यांदा बझरवर बोट ठेवलं तेव्हा उत्तर माहीत असूनही हात उचलला नाही. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकेल, ही भीती. तेव्हा दारातली आत्या मला समजली. माहीत असणं एक, आणि ते चारचौघांत मोठ्यानं म्हणण्याची सवय असणं वेगळं. ती सवय कोणीतरी लावावी लागते, आणि ती लागते विचारल्यानं.

२००३ मध्ये बीबीसी वर्ल्डवर काकांच्या लीड्समधला तोच खेळ भारतीय होऊन आला, सूत्रधार पुन्हा सिद्धार्थ बसू. पहिल्या पर्वात मुंबईचं सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय जिंकलं. अण्णा तेव्हा पंचाहत्तरीचे, कानांनी मंद झालेले. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, की आपली मुंबईची पोरं जिंकली. "कोनता फड?" त्यांनी विचारलं. त्यांच्या लेखी कलगी-तुऱ्याचाच निकाल लागला होता.

अण्णा आता नाहीत. त्यांचे भेदिकातले सवाल आम्ही लिहून घ्यायला बसलो तेव्हा फार उशीर झाला होता. हाताला लागले ते सात-आठ. आत्याच्या वह्या मात्र आहेत, आणि आत्याही.

गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी तिच्या कॉलेजच्या क्विझसाठी तयारी करत होती. तिनं त्या वह्या कपाटातून काढल्या आणि आत्याआजीला समोर बसवून प्रश्न विचारायला लागली. मी आतून स्टीलचा पेला आणून मध्ये पालथा ठेवला. सत्तरी ओलांडलेली आत्या हसली, चमचा हातात घेतला. मुलीनं वही उघडली आणि वाचायला लागली, "नाशिकजवळ उगम पावून बंगालच्या..."

पेला वाजला.

"आजी, प्रश्न पुरा नाही झाला. चुकलात तर पाच गुण जातील."

"गोदावरी," आत्या म्हणाली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी वळून पाहिलं, इतक्या मोठ्यानं.