एंटरप्राइज हार्ड डिस्क : घरगुती संगणकासाठी निवड

एंटरप्राइज हार्ड डिस्क : डेटा सेंटरमधील सर्व्हरमध्ये अहोरात्र चालावी यासाठी घडवलेली, फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवणारी मोठ्या क्षमतेची डिस्क. तिचा आकार ३.५ इंची आणि तबकड्यांची गती सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेरे असते. आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या हार्ड डिस्क बनवतात. त्यांच्या अनुक्रमे एक्झॉस, अल्ट्रास्टार व एमजी या मालिका या वर्गात मोडतात. छायाचित्रे, चलच्चित्रे आणि बॅकअप यांचा साठा वाढल्यामुळे, तसेच मोठ्या क्षमतेत दर टेराबाइटमागे पडणारी किंमत अनेकदा कमी असल्यामुळे, या डिस्क घरगुती संगणकांतही बसवल्या जातात.

रचना : मोठ्या क्षमतेच्या बहुतेक एंटरप्राइज डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम वायू भरून पेटी कायमची सीलबंद केलेली असते. हेलियमची घनता हवेच्या सुमारे एक-सप्तमांश असल्याने तबकड्यांना होणारा विरोध व त्यातून उद्भवणारी थरथर घटते. परिणामी तबकड्या अधिक पातळ करून त्यांची संख्या वाढवता येते आणि वीजही कमी लागते. एचजीएसटी कंपनीने २०१३ मध्ये सात तबकड्यांची ६ टेराबाइटची पहिली हेलियम डिस्क बाजारात आणली. २० टेराबाइटच्या डिस्कमध्ये नऊ-दहा तबकड्या असतात. शेजारच्या डिस्कच्या कंपनांमुळे वाचनशीर्ष मार्गावरून ढळू नये म्हणून कंपनसंवेदकही बसवलेले असतात. अनेक डिस्कच्या रांगेत त्यांचा उपयोग मोठा, तर एकट्या डिस्कला त्यांचा फायदा नाममात्र असतो.

लेखनपद्धतीचे दोन प्रकार आहेत. सीएमआर पद्धतीत माहितीचे मार्ग एकमेकांपासून सुटे असतात. एसएमआर पद्धतीत मात्र ते कौलांसारखे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, त्यामुळे एक मार्ग बदलायचा तर शेजारचे मार्गही पुन्हा लिहावे लागतात आणि सलग मोठे लेखन मंदावते. डेटा सेंटरसाठीच्या काही एसएमआर डिस्कमध्ये लेखनाचा क्रम संगणकानेच सांभाळावा लागतो व घरातील नेहमीच्या व्यवस्थेत त्या उपयोगी पडत नाहीत. म्हणून घरासाठी सीएमआर डिस्कच घ्यावी.

माहितीपत्रकातील आकडे : एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधील सरासरी कालावधी, बहुधा २५ लाख तास असा छापलेला असतो. त्याची २८५ वर्षे भरतात. पण एखादी डिस्क तितकी चालेल असा त्याचा अर्थ नसून, मोठ्या समूहात वर्षभरात किती डिस्क निकामी होतील याचा तो अंदाज असतो. वर्षाच्या ८,७६० तासांना त्या आकड्याने भागले असता वार्षिक बिघाडदर ०.३५ टक्के येतो, म्हणजे हजार डिस्कमागे साडेतीन. प्रत्यक्ष अनुभव याहून कठोर आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी अभ्यासून २००७ मध्ये असे दाखवले की, माहितीपत्रकांनुसार हा दर फार तर ०.८८ टक्के अपेक्षित असताना डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण बहुधा १ टक्क्याहून अधिक, तर अनेक ठिकाणी २ ते ४ टक्के होते; शिवाय महागड्या एससीएसआय जोडणीच्या व स्वस्त सॅटा जोडणीच्या डिस्क यांच्या दरांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकी साठवण कंपनी आपल्या डिस्कची आकडेवारी प्रसिद्ध करते आणि तिच्या अलीकडच्या वर्षांतील दर दीड टक्क्याच्या आसपास आहेत.

इतर आकडे अधिक थेट उपयोगाचे आहेत. वार्षिक कार्यभार, म्हणजे वर्षभरात वाचलेल्या व लिहिलेल्या माहितीची अपेक्षित मर्यादा, एंटरप्राइज डिस्कसाठी सामान्यतः ५५० टेराबाइट, तर साध्या डेस्कटॉप डिस्कसाठी ५५ टेराबाइटच्या सुमारास असते. घरात ही मोठी मर्यादा क्वचितच गाठली जाते. न सुधारता येणाऱ्या वाचनदोषाची हमी साध्या डिस्कमध्ये १२.५ टेराबाइट वाचनामागे फार तर एक, तर एंटरप्राइज डिस्कमध्ये १२५ टेराबाइटमागे एक अशी असते. वॉरंटीही बहुधा दोनऐवजी पाच वर्षांची असते.

संगणकाशी जुळणी : घरगुती मदरबोर्डवर सॅटा जोडणी असते. सॅस जोडणीची डिस्क दिसायला तशीच असली तरी ती सॅटा पोर्टला चालत नाही, त्यामुळे मॉडेल क्रमांकावरून जोडणीची खातरजमा करावी. काही डिस्कमध्ये वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्टचा दाब आला की डिस्क बंद ठेवण्याची सोय असते. जुने पॉवर सप्लाय त्या पिनेवर हा दाब सततच देत असल्याने नवी डिस्क फिरतच नाही आणि ती खराब निघाली असा समज होतो. ज्यात ३.३ व्होल्टची तार नाही असा मोलेक्स-सॅटा जोड वापरल्यास ही अडचण दूर होते. जुन्या एमबीआर विभाजनपद्धतीत सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही, म्हणून जीपीटी पद्धत आवश्यक ठरते. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने, त्यामुळे २० टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे १८.२ दिसते, हा दोष नव्हे. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कना मधली स्क्रूछिद्रे नसतात, हेही कॅबिनेट पाहताना ध्यानात घ्यावे.

घरातील वर्तन : सर्व्हर कक्षात आवाजाला महत्त्व नसल्याने या डिस्कची शीर्षे हलतानाचा खडखड आवाज शयनगृहात जाणवतो, काही मॉडेलांत काम नसतानाही शीर्षे ठरावीक अंतराने हलत राहतात. कॅबिनेटमध्ये रबरी बैठक दिल्यास आवाज काहीसा कमी होतो. अनेक मॉडेलांसाठी डिस्कच्या तापमानाची मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते, परंतु विदर्भातील उन्हाळ्यासारख्या हवामानात बंदिस्त कॅबिनेटमधील डिस्कसमोर पंखा असणे हिताचे. सलग वाचनाचा वेग सेकंदाला २५० मेगाबाइटच्या पुढे जात असला तरी विखुरलेल्या लहान फायलींसाठी ती एसएसडीपेक्षा फार मंद असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवर आणि साठा हार्ड डिस्कवर अशी विभागणी योग्य ठरते.

खरेदी : सर्व्हर उत्पादकांना घाऊक पुरवलेल्या डिस्क सुट्या विकल्या गेल्यास डिस्कच्या मूळ कंपनीची वॉरंटी त्यांना बहुधा लागू होत नाही, म्हणून खरेदीनंतर लगेच अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. २०२५ च्या आरंभी वापरलेल्या एक्झॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे जर्मनीत उघडकीस आले. त्यांच्या स्मार्ट या स्वनिरीक्षण नोंदीतील वापराचे तास पुसलेले होते, मात्र सीगेटच्या फार्म या वेगळ्या नोंदीत ते शिल्लक होते. माहिती भरण्यापूर्वी संपूर्ण डिस्कवर एकदा लिहून ती वाचून पाहावी; २० टेराबाइटच्या डिस्कला एका फेरीस सुमारे सव्वा दिवस लागतो.

मूल्यमापन : एंटरप्राइज डिस्कची विश्वासार्हता ही मुळात समूहाला दिलेली हमी आहे आणि घरात त्या समूहातील एकच नमुना असतो. त्यामुळे क्षमता, दर टेराबाइटची किंमत व दीर्घ वॉरंटी ही तिच्या निवडीची ग्राह्य कारणे ठरतात, पण ती बिघडणारच नाही हा विश्वास ग्राह्य ठरत नाही. पैसे मर्यादित असतील तर एका महागड्या डिस्कपेक्षा दोन साध्या डिस्क घेऊन दुसरीवर प्रत ठेवणे आणि ती शक्यतो संगणकापासून अलग, दुसऱ्या जागी ठेवणे अधिक सुरक्षित होय.