मधुमेहातील अल्पकर्बोदक आहार (वर्धा जिल्हा)

मधुमेही व्यक्तीच्या रोजच्या जेवणातील कर्बोदके, म्हणजे धान्य, कंद, फळे व साखर यांतून मिळणारे पिष्ट आणि शर्करा, हेतुपुरस्सर कमी करून त्यांची जागा प्रथिने, स्निग्ध पदार्थ व भाज्या यांना देण्याच्या पद्धतीस अल्पकर्बोदक आहार म्हणतात. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके ही त्याची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीरातील इन्सुलिन अपुरे पडते किंवा पेशी त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. अशा वेळी जेवणानंतरची रक्तशर्करा सर्वाधिक वाढवणारा घटकच कमी करावा, हा या आहारामागील तर्क होय. १९२२ मध्ये इन्सुलिनचा उपचार सुरू होण्यापूर्वी वैद्यांच्या हाती यापेक्षा प्रभावी उपाय फारसा नव्हता.

वर्धा जिल्ह्यात ही मर्यादा पाळणे किती कठीण आहे, हे शिधापत्रिकेवरील धान्यावरूनच ध्यानात येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम गहू-तांदूळ, ज्यांतून ११० ते १३० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. मजूर कुटुंबात धान्याचा खप प्रायः याहून अधिक असतो आणि वरण-भाजीचे प्रमाण त्यामानाने तोकडे राहते. ‘शुगर’ झालेल्या माणसाने पोळी सोडून ज्वारीची भाकर खावी, हा समज विदर्भात घट्ट रुजलेला आहे. भाकरीत तंतू अधिक असले, तरी ज्वारीतही वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश कर्बोदकेच असतात. म्हणून धान्य बदलण्यापेक्षा त्याचे प्रमाण घटवणे अधिक महत्त्वाचे ठरते. तूरडाळ व बेसन यांतही निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असल्याने भाकरीसोबत भरपूर पिठले घेतल्यास अपेक्षित लाभ होत नाही. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्या दिवशी दही व शेंगदाणे अधिक सोयीचे पडतात.

या आहारास लागणारे पदार्थ मात्र जिल्ह्याच्या शेतांतच पिकतात, आणि या विषयात सर्वाधिक विचार करण्याजोगी बाब हीच आहे. जवस, तीळ व भुईमूग यांच्या चटण्या, वांग्याचे भरीत, अंबाडी, मेथी व हरभऱ्याची कोवळी भाजी, ताक आणि अंडी यांवर वैदर्भी ताट उभे करता येते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हातसडीचा तांदूळ व घाणीचे तेल यांचा प्रसार केला; १९३५ च्या सुमारास गांधीजींनी तेथील जेवणात सोयाबीनही आणून पाहिले. त्यामागे मधुमेहाचा विचार नव्हता, स्वस्त व सकस अन्नाचा होता. आज सोयाबीन हे जिल्ह्याच्या मुख्य पिकांपैकी एक आहे. त्याच्या दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिने असूनही ते घरात न शिजता तेलगिरण्यांत जाते आणि उरलेली पेंड मुख्यतः पशुखाद्य होते. दाणे भिजवून पूर्ण शिजवल्यास त्यांची उसळ मधुमेह्यांसाठी भात-पोळीपेक्षा निश्चितच हितकर ठरते.

या आहाराच्या उपयुक्ततेच्या पुराव्यांचे स्वरूप आश्वासक, पण मर्यादित आहे. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांनंतर अधिक रुग्णांचा मधुमेह सुप्तावस्थेत गेल्याचे, परंतु वर्षभराने हा लाभ ओसरल्याचे दिसले. आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय पाहणीवर आधारित २०२२ च्या विश्लेषणाने नव्याने निदान झालेल्या भारतीय रुग्णांसाठी एकूण ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्के कर्बोदके सुचवली. हे प्रमाण वर दिलेल्या मर्यादेहून पुष्कळ सैल आहे. तथापि भारतीय जेवणात साधारणतः ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, हे पाहता एवढी घटही मोलाची असून तीच वर्षानुवर्षे टिकवणे अधिक शक्य आहे.

शेतात दिवसभर राबणाऱ्या, मुळात कृश असलेल्या मधुमेह्यास हा आहार सरसकट सांगणे घातक ठरू शकते, कारण कमी केलेल्या धान्याची ऊर्जा तेलबिया, दूध वा अंड्यांतून भरून न निघाल्यास त्याचे वजन व स्नायू आणखी घटतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना एकाएकी भाकर सोडल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यामुळे आहार बदलण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधांची मात्रा ठरवून घ्यावी लागते. डापाग्लिफ्लोझिन वर्गातील औषधे घेणाऱ्यांना अत्यल्प कर्बोदकांमुळे रक्तात आम्लद्रव्ये साचण्याचा धोका असतो. गर्भवती, पहिल्या प्रकारचे मधुमेही व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय हा आहार सुरू करू नये. वर्ध्यात अशा देखरेखीसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न, १९६९ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, तसेच सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उपलब्ध आहे.